खवळलेल्या समुद्रातला संसार



सिंगापूरला राहून आपला समज होतो की समुद्र म्हणजे एक शांत प्रकरण. तोआ पायोहहून ईस्ट कोस्ट पार्कला गेलं की नांगरलेली जहाजं दिसतात, लाटा मात्र नावालाच. याचं कारण सोपं आहे. मोठी लाट उठायला वाऱ्याला मोकळ्या पाण्याचा लांब पल्ला लागतो, आणि इथे मलाय द्वीपकल्प, सुमात्रा आणि मधली बेटं तो मिळू देत नाहीत.

दक्षिण गोलार्धात ४० अंशांच्या खाली नेमकं उलट आहे. तिथे पश्चिमेचे वारे जमिनीचा फारसा अडथळा न येता पृथ्वीभोवती फिरतात. आपल्या नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे याच पाण्यातून 'म्हादेई' ही ५६ फुटी शिडाची नौका घेऊन एकटे गेले. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून ते मे २०१० मध्ये परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. नौका बांधली गोव्यात, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात, आणि नाव दिलं तिथल्याच नदीचं.

अशा नौकेवर रोजचं जगणं कसं असतं? आधी झोप. मोठ्या युद्धनौकेवर पहारा, म्हणजे 'वॉच', साधारण चार तासांचा असतो. मग दुसरा येतो. एकट्याला बदली कोण देणार? सुकाणू ऑटोपायलटकडे सोपवायचं, गजर लावायचा आणि तुकड्या-तुकड्यांत झोपायचं. बिछान्याच्या कडेला कापड ताणून बांधलेलं असतं, नाहीतर माणूस थेट जमिनीवर!

स्वयंपाकाची शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते. नौका कलली तरी भांडं सरळ राहतं. तरीही उकळतं पाणी अंगावर येण्याची भीती असतेच, म्हणून वादळात साधं, एका भांड्यात होणारं जेवण बरं. गोडं पाणी मोजून वापरायचं.

सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे डेकवर येताना अंगावरचा पट्टा नौकेला अडकवायचा. एकटा माणूस पाण्यात पडला तर ऑटोपायलटवरची नौका त्याला सोडून तशीच पुढे निघून जाते, वळवायला कुणी नसतं. मदत शेकडो मैल दूर असते. म्हणजे इथे एका कडीवर जीव असतो.

पुढे अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये 'म्हादेई'वरूनच कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी 'तारिणी'वरून जाऊन आल्या, तर २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच. 'तारिणी'सुद्धा गोव्याचीच बरं का!

दोंदे यांनी आपल्या सफरीवर 'द फर्स्ट इंडियन' हे पुस्तक लिहिलं आहे. आपल्या मुलांना शिवरायांच्या आरमाराच्या गोष्टी आपण सांगतोच. त्याच्या जोडीला ही आजची गोष्टही जरूर सांगूया.