मशीन किती वॅटची?

जयंतीचा साऊंड ठरवायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला: मशीन किती वॅटची? मुरुडच्या वस्त्यांतही आम्ही हेच ऐकतो. पण वॅट म्हणजे आवाज नव्हे. मशीन स्पीकरला किती ताकद देऊ शकते, त्याचं ते माप. आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि वॅट दुप्पट केले तरी तो फक्त ३ डेसिबलने वाढतो. वर्गणीतून दुसरी तशीच मशीन आणली, तरी ऐकणाऱ्याला जेमतेम फरक कळतो.

कानाला मात्र तो फरक मोठा आहे. ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो, असं धरतात. पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. मिरवणुकीतल्या मोठ्या टॉपला एक वॅट दिला, तरी मीटरभरावर १०० डेसिबलच्या आसपास आवाज निघतो. एकच वॅट! आणि आपली पोरं टॉपला खेटून तासन्‌तास नाचतात. मोकळ्या रानात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. अरुंद गल्लीत भिंती आवाज परत फेकतात, तेवढा उतार मिळत नाही.

मशीनलाही हद्द असते. पीएमपीओचा हजारांचा आकडा निव्वळ जाहिरात. आरएमएस किती ते विचारा. हद्दीपुढे गेन वाढवला की आवाजाच्या लाटेचे माथे कापले जातात, ‘क्लिप’चा लाल दिवा पेटतो, भीमगीताचे शब्द फाटतात, ट्विटर जळतो. शब्द कळेनात म्हणून कुणीतरी गेन आणखी वाढवतो! गेन खाली घ्या, शब्द मोकळे होतील. वर्षावासात विहारातल्या ग्रंथवाचनाला तर दहा-वीस वॅट पुरून उरतात.

२००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या बारीक केसाळ पेशी असतात. एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. लेकराला खांद्यावर घेऊन टॉपसमोर उभं राहू नका. कापसाचा बोळा फारसा कामाचा नाही, फोमचे बोळे वापरा. दुसऱ्या दिवशीही कानात कुईं वाजत असेल किंवा दबल्यासारखं ऐकू येत असेल, तर तेल घालत बसू नका. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात लगेच दाखवा.