जाळ्याचा आस आणि सागरी जीवसंवर्धन : महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना

सागरी मासेमारी आणि सागरी वन्यजीवांचे संरक्षण हे विषय आपल्याकडे बहुधा स्वतंत्रपणे हाताळले जातात. पहिला मत्स्यव्यवसाय विभागाचा, तर दुसरा वनविभागाचा मानला जातो. प्रत्यक्ष समुद्रात मात्र असा भेद नसतो. ज्या जाळ्यात पापलेटची पिल्ले सापडतात, त्याच प्रकारच्या जाळ्यात कासवही अडकते. या दोन्ही प्रश्नांचे समान मूळ स्पष्ट करणे आणि उपाययोजनांचा भार कोणी सोसावा याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जाळ्याची निवडक्षमता

कोणते जाळे काय पकडते, हे मुख्यत्वे त्याची रचना व आसाचा आकार यांवर ठरते. गिलनेटमध्ये लहान मासा आसातून निसटतो, तर फार मोठा मासा त्यात शिरूच शकत नाही. त्यामुळे ठराविक आकाराचीच मासळी मिळते. भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधून ठेवलेल्या डोल जाळ्याची गोष्ट वेगळी आहे. बोंबील, जवळा, करंदी यांसाठी त्याचा शेवटचा भाग बारीक आसाचा ठेवावा लागतो आणि प्रवाहाबरोबर येणारी इतर माशांची पिल्लेही त्यात अडकतात. ट्रॉल जाळे समुद्रतळावरून ओढले जाते. ओढीच्या ताणामुळे त्याचे तिरपे आस मिटत जातात व लहान मासळीची सुटकेची वाट बंद होते. चौकोनी आस ताणाखालीही उघडा राहतो. म्हणूनच ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीसारख्या भागात ४० मि.मी. चौकोनी आसाचा आग्रह धरला जातो.

अपरिपक्व मासळीचा प्रश्न

पापलेट अर्थात सरंगा हे याचे ठळक उदाहरण होय. पालघर जिल्ह्यातील सातपाटी बंदराची ओळखच या माशाशी जोडलेली आहे. एकदाही प्रजनन न केलेले पापलेट पकडले गेल्यास केवळ त्या माशाचीच नव्हे, तर त्याच्या पुढील पिढीचीही हानी होते. महाराष्ट्रात साधारणतः जून व जुलै महिन्यांत लागू असणारी मासेमारी बंदी प्रजननास अवसर देते. परंतु बंदी उठताच बारीक आसाची जाळी पाण्यात गेल्यास त्या काळात जन्मलेली पिल्लेच हाती लागतात. बंदीचा काळ आणि आसाचा आकार हे उपाय म्हणूनच परस्परपूरक आहेत.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा असून २०२१ मध्ये त्यात सुधारणा करून दंडाची तरतूद कठोर करण्यात आली. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित करण्यात आले आणि त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकारमान निश्चित करण्यात आले.

वन्यजीवांची अनाहूत पकड

कासव पाण्यात राहत असले तरी श्वासासाठी त्यास पृष्ठभागावर यावे लागते. जाळ्यात दीर्घकाळ अडकल्यास ते गुदमरते. यासाठी ट्रॉलमध्ये बसविण्याची कासव-मुक्ती चौकट उपलब्ध आहे. तिच्या गजांमधून कोळंबी मागे जाते व कासव वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडते. या साधनाच्या अभावी अमेरिकेने २०१९ मध्ये भारतातून समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात थांबविली. संवर्धनाकडे केलेले दुर्लक्ष व्यापारासही बाधक ठरते, हे यावरून दिसून येते.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून ग्रामस्थांच्या सहभागाने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण होत आहे. तथापि किनाऱ्यावर वाचविलेले पिल्लू पुढे समुद्रातच वाढते. २०२३ मध्ये गुहागर येथे उपग्रह-यंत्र बसविलेली ‘बागेश्री’ ही मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. साहजिकच एका राज्याचे नियम अशा जीवास पुरेसे पडत नाहीत.

भार कोणी सोसावा?

जाळे मोठ्या आसाचे केल्यास आजची घट त्या मच्छीमारास एकट्याला सोसावी लागते. उद्या वाढलेला मासा मात्र कोणाच्याही जाळ्यात जाऊ शकतो. अशा स्थितीत केवळ उपदेशाने संयम येत नाही. नियम सर्वांस समान लागू झाला, तरच संयम पाळणाऱ्याचे नुकसान टळते. छोट्या होडीवर कारवाई आणि मोठ्या यांत्रिक नौकेकडे डोळेझाक असे घडल्यास नियमावरील विश्वासच नष्ट होतो.

संरक्षित जीवांच्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये निराळा मार्ग स्वीकारला. जाळे कापून कासव, व्हेल शार्क यांसारख्या संरक्षित प्राण्यास मुक्त करणाऱ्या मच्छीमारास, सुटकेच्या छायाचित्रांच्या आधारे, कमाल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची ही योजना आहे. जो जीव सर्वांचा वारसा आहे, त्याच्या रक्षणाचा खर्चही सर्वांनी उचलावा, हे तत्त्व तिच्यामागे आहे. त्याच न्यायाने सुधारित आसाच्या जाळ्यांसाठी साहाय्य आणि बंदीकाळात उपजीविकेचा आधार यांचाही विचार व्हावयास हवा.

समारोप

मासळीची पिल्ले आणि कासव या दोहोंची सुटका जाळ्याच्या रचनेवर अवलंबून आहे. ती रचना बदलणे मच्छीमारास परवडेल की नाही, हे मात्र समाज व शासन यांच्या निर्णयावर अवलंबून आहे. किनारपट्टीवरील महाविद्यालयांनी बंदरावर उतरणाऱ्या मासळीच्या आकारमानाच्या नियमित नोंदी ठेवल्यास, नियमांचा परिणाम तपासण्यास विश्वासार्ह आधार मिळेल. प्राणिशास्त्र, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करावे असे हे कार्य आहे.