पावसाळ्याआधी गोठ्याचंही नियोजन करा!

१२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं. पुण्याचा पूर सगळ्यांना आठवतो, पण आपत्तीत दावणीला बांधलेलं जनावर आजही शेवटी आठवतं. वेल्ह्याच्या डोंगरउतारावर पुरासोबत दरडीचाही धोका. म्हणून वाडीनं एकत्र बसून एवढं ठरवावं:

🐄 गुरं हलवायची उंच, पण कड्याखाली नसलेली जागा आणि तिथे चारा-पाणी.
🐄 दाव्याला एका हिसक्यात सुटणारी गाठ. भिजलेला दोर आवळतो, म्हणून गोठ्याच्या दारात कोयता टांगलेला असू द्या.
🐄 कुणाची गुरं कोण सोडणार, हे नावानिशी. म्हातारी माणसं एकटी असलेली घरं आधी.
🐄 घटसर्प, फऱ्याची लस पावसाआधीच.
🐄 कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर आणि जनावराचा फोटो मोबाईलमध्ये. पंचनाम्याला उपयोगी पडतो.
🐕 कुत्र्या-मांजरांसाठी पट्टा, टोपली.

झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, जमिनीला भेगा पडल्या, तर आदेशाची वाट पाहू नका. माणसांनी आधी निघायचं. गुरं हलवायला वेळ नसेल तर दावी कापून मोकळी सोडा.

जनावर आजारी किंवा जखमी असेल तर पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ टोल फ्री.

पोस्ट गावच्या ग्रुपवर टाका आणि पुढच्या ग्रामसभेत विषय काढाच!