सही आणि थकबाकी

वऱ्हाड-खानदेशाकडे पाट लावलेल्या बाईबरोबर आलेल्या मुलाला 'गैलड' म्हणत. शब्दात माया फारशी नाही. पण अशी मुले समाजात होती आणि ती नव्या घरात वाढत होती, एवढे तो सांगतो. त्या मुलाला कायद्याने नव्या बापाचे करायचे झाले, तर मात्र वाट अरुंद आहे.

गेल्या उन्हाळ्यात ओळखीच्या एक बाई कागदांची पिशवी घेऊन आल्या. मी वकील नाही. कलमे वाचत वाचत शिकले, म्हणून लोक येतात. पहिल्या नवऱ्याने मुलीच्या पोटगीचा एकही हप्ता सहा वर्षांत भरलेला नव्हता. दुसरा नवरा मुलीला दत्तक घ्यायला तयार. अडले होते ते पहिल्याच्या संमतीपाशी.

१९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचे नववे कलम मी तेव्हा पुन्हा वाचले. २०१०च्या दुरुस्तीने मूल दत्तक देण्याचा आईबापांचा हक्क समान झाला, पण एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय तो वापरायचा नाही. अपवाद तीन: दुसऱ्याने कायमचा संन्यास घेतला असेल, तो हिंदू राहिला नसेल, किंवा न्यायालयाने त्याला वेडा ठरवले असेल. पोटगी बुडवणे त्यांत नाही. 'मुलाला टाकून देणे' हे शब्द त्याच कलमात पुढे येतात, पण तिथे मूल पालक देतो आणि आईबाप दोघांनीही टाकलेले असावे लागते. म्हणजे हिमालयात गेलेल्या बापाची सही लागत नाही, शेजारच्या तालुक्यात गेलेल्याची लागते! बाप हयात नसेल तर प्रश्नच उरत नाही. अकेला ललिता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुनर्विवाहित विधवा आईच्या बाजूने निकाल दिला, तो अशाच कुटुंबाचा.

थकबाकीची वसुली वेगळ्या कायद्याने होते. जुने कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचे १४४. प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि कैद भोगली म्हणून रक्कम फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले. मेख मुदतीत आहे: हप्ता देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज हवा. बाईंनी चार वर्षे तो केलाच नव्हता. कोणी सांगितले नव्हते.

मग निरोप आला: थकबाकी सोडा, सही देतो.

सौदा सोपा वाटतो. दत्तविधानाच्या तारखेपासून मूल जन्मकुटुंबातून कायद्याने तुटते, म्हणजे पुढच्या पोटगीतून तो तसाही सुटणार. मागची रक्कम दत्तकाने आपोआप माफ होते, असे मात्र या कायद्यात कुठे लिहिलेले नाही. शिवाय पोटगी मुलीची आहे. ती सोडण्याचा अधिकार आईला तरी कुठून आला? त्याच कायद्याचे सतरावे कलम दत्तकाच्या बदल्यात पैसे किंवा मोबदला घेण्यास मनाई करते. सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. सहीसाठी माफ केलेली थकबाकी हा माझ्या मते मोबदलाच.

मुलीला मार्गशीर्षात पंधरा पूर्ण होतात. तशी रूढी नसेल तर हिंदू कायद्याने त्यानंतर दत्तक नाही. बाल न्याय कायद्याची वाट अठरापर्यंत खुली असते, पण जन्मदात्याच्या संमतीचा कागद तिथेही मागतात. बाईंनी निरोपाला उत्तर दिलेले नाही. यंदाच्या हप्त्यांचा अर्ज मात्र मुदतीत गेला आहे.