त्वचेशी एकरूप होणारा लेप

होल्टर तपासणीसाठी छातीवर पट्ट्या चिकटवून चोवीस तास काढलेल्या ज्येष्ठांना त्यांचा जाच ठाऊक असेल. उतारवयात त्वचा पातळ व कोरडी होते. पट्टी ओढताना ती सोलवटते, आणि जेल वाळले की आलेखही अस्पष्ट येतो.

यावर उपाय म्हणून संशोधक द्विमितीय पदार्थांच्या वीजवाहक लेपाकडे पाहत आहेत. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलत ग्रॅफीन वेगळे केले. कार्बनच्या या एका अणूइतक्या जाड थराबद्दल २०१० चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. २०११ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातून 'मॅक्सीन' पुढे आले. ते पाण्यात मिसळते, म्हणून शाईसारखे कापडावर चढवता येते.

असा लेप त्वचेच्या सुरकुत्यांबरोबर वाकतो. मध्ये पोकळी उरत नाही. त्यामुळे हृदयाचे विद्युत्-संकेत जेलविनाही टिपता येतात. लेप ताणला गेला की त्याचा विद्युतरोध बदलतो. त्यावरून श्वास व नाडीची हालचाल कळते. मात्र हवा आणि ओलावा यांनी मॅक्सीन हळूहळू निकामी होते. घाम आणि धुलाई ही त्याची खरी परीक्षा आहे.

तोवर पट्टी काढताना कड ओली करा, त्वचा दाबून धरा आणि पट्टी त्वचेलगत हळूहळू उलगडा. आणि एक लक्षात ठेवा: छातीत दडपण, धाप किंवा भोवळ आल्यास उपकरण काहीही दाखवो, विलंब न करता रुग्णालय गाठा.