कर्करोगानंतरचे मातृत्व : स्त्रीबीजदानाचा मार्ग

कर्करोग बरा झाला, पण पाळी परत आली नाही, असे तरुण स्त्रियांच्या बाबतीत अनेकदा घडते. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजकोषांत आयुष्यभराची बीजे साठविलेली असतात. पुढे त्यांत भर पडत नाही. कर्करोगाच्या पेशी नष्ट करणारी काही औषधे, उदाहरणार्थ सायक्लोफॉस्फामाइड, हा साठाही संपवितात. गर्भाशय मात्र औषधोपचारानंतर बहुधा शाबूत राहते, आणि दुसऱ्या स्त्रीने दिलेल्या बीजाचा उपयोग त्यामुळेच होऊ शकतो.

दात्रीला संप्रेरकांची इंजेक्शने देऊन तिची बीजे परिपक्व करतात व सुईने काढून घेतात. प्रयोगशाळेत पतीच्या शुक्रजंतूंशी त्यांचा संयोग घडवितात. इकडे पत्नीच्या गर्भाशयाचे अस्तर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन देऊन तयार केले जाते आणि गर्भ तेथे सोडला जातो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असल्यास ही संप्रेरके देण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञाची संमती अत्यावश्यक होय. मुंबईत 1986 मध्ये के. ई. एम. रुग्णालयात परीक्षानळीतील बालक जन्मास आणणाऱ्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी 1991 मध्ये दान केलेल्या बीजापासूनचा जन्मही घडवून आणला.

2021 च्या साहाय्यित प्रजननविषयक कायद्यानुसार दात्रीचे वय 23 ते 35 असावे लागते. तिला आयुष्यात एकदाच बीजदान करता येते आणि सातपेक्षा अधिक बीजे काढता येत नाहीत. बीजांच्या विक्रीस बंदी आहे. दात्रीचा विमा उतरविणे बंधनकारक आहे. जन्मलेले मूल कायद्याने त्या दांपत्याचेच.

धाराशिव जिल्ह्यात मात्र या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. शेजारच्या बार्शी येथे 1987 मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तीत भूम व परंडा तालुक्यांतील गावेही होती. येथील स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळला. या रोगात ओटीपोटावर किरणोपचार करावे लागतात किंवा गर्भाशयच काढावे लागते. किरणांनी बीजकोषांबरोबर गर्भाशयाचे अस्तरही निकामी होते. अशा स्त्रीला दानाचे बीज मिळूनही ते रुजविण्यास जागा उरत नाही. सरोगसीचाच काय तो पर्याय राहतो, आणि तोही कायद्याच्या अटींनी बांधलेला.

येथे वेळीच तपासणी झाली तर गर्भाशय वाचते. याच जिल्ह्यातील 52 गावसमूहांत 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे त्याच्या 2009 मधील निष्कर्षांत दिसले. कर्करोगापूर्वीची विकृती सापडल्यास तेवढाच भाग गोठवून किंवा कापून काढता येतो आणि पुढे गर्भधारणा होऊ शकते.

ज्यांना कर्करोगाचे निदान झालेच आहे, त्यांनी पहिल्या भेटीतच डॉक्टरांना मातृत्वाविषयी विचारावे. स्वतःची बीजे काढून गोठवून ठेवण्यास साधारण दोन आठवडे लागतात, आणि ते काम उपचाराचा पहिला डोस पडण्यापूर्वीच करावयाचे असते.