ज्ञानाचा, सोवळ्याचा आणि उपकाराचा ताठा

ख्रिस्ती धर्मविचारात गर्व हे नुसतं इतर पापांच्या रांगेतलं एक पाप मानलं जात नाही. सहाव्या शतकात पोप ग्रेगरी यांनी मुख्य पापांची यादी केली, तेव्हा गर्वाला त्यांनी त्या सगळ्यांच्या मुळाशी ठेवलं. कारण उघड आहे. चोरी करणाऱ्याला आपण चोरी केली हे कळतं. गर्विष्ठाला मात्र आपण सज्जन आहोत असंच वाटत राहतं. लूकच्या शुभवर्तमानातला परुशी उपास करतो, दशांश देतो, आणि मंदिरात उभा राहून मागच्या जकातदारासारखा आपण नाही म्हणून देवाचे आभार मानतो. दोघांपैकी नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार.

चांगुलपणाच्या पोटात लपणारा हा ताठा मराठीत पाहायचा, तर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या संसाराइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही.

पंडिताची पेन्सिल

टिळकांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घराणं चित्पावन, संस्कृतचा व्यासंग दांडगा, स्वभाव तापट. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल ठेवलं. लक्षात घेण्याजोगी स्थळं टिपायची म्हणून टिळक पेन्सिल घेऊन वाचायला बसले. मत्तयच्या पाचव्या अध्यायातल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथून त्यांना पुढे सरकवेना. त्या प्रवचनाचा पहिला आशीर्वादच आत्म्याने दीन असलेल्यांना आहे. परीक्षक म्हणून बसलेला पंडित विद्यार्थी झाला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते पुढे सांगत. दैन्य पत्करण्याचा धडा त्यांना भागवत धर्माने आधीच दिला होता.

सोवळ्याचा पीळ

लक्ष्मीबाईंच्या माहेरी सोवळ्याचं वेड टोकाला गेलेलं. बाजारातून आलेलं सामानसुद्धा वडील धुवून घ्यायला लावत. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. मग परतल्या त्या आपलं सोवळं सांभाळूनच. टिळकांनी बळजबरी केली नाही. बाईंनीच एकदा मनाशी झाडा घेतला: जाती देवाने केल्या की माणसाने? जन्म-मरण सगळ्यांचं सारखंच, मग आपण वरचे कसे? उत्तर मिळालं, आणि त्या कोणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा नंतरचा, 1900 चा. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सगळं त्या स्वतःची थट्टा करत सांगतात. स्वतःला हसता येणं ही नम्रतेची सगळ्यात पक्की खूण असावी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी टिळकांमागे त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ काव्य पुरं केलं, पण पांडित्याचा आव कधी आणला नाही.

उपकारकर्त्याचा ताठा

तिसरा ताठा ओळखायला सगळ्यात अवघड. दुष्काळात अन्न देणारे, शाळा-दवाखाने काढणारे मिशनरी खरोखरच झिजत होते. पण देणारा हळूहळू मायबाप सरकार होतो आणि घेणारा मिंधा. टिळक अमेरिकन मराठी मिशनचेच, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक. तरी त्यांनी मिशनऱ्यांना सुनावलं: इथे साहेब नकोत, संत हवेत. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी आजही अनेक चर्चमध्ये धर्मगुरू लोकांचे पाय धुतात. गुरूने केलेलं हे काम त्याच्या प्रतिनिधींनी कमीपणाचं का मानावं, हा टिळकांचा रोख होता.

नुसतं सुनावून ते थांबले नाहीत. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कोणालाही, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तिथे जागा होती. दोनच वर्षांनी, 9 मे 1919 रोजी, ते गेले.

नम्रता म्हणजे मान खाली घालून होयबा होणं, हा समज टिळकांच्या चरित्रापुढे टिकत नाही. वरिष्ठांशी ते ताठ मानेने बोलले आणि मानाच्या पाटावरून स्वतःहून उठले. फिलिप्पैकरांच्या पत्रात पौल नेमकं हेच सांगतो: ख्रिस्ताने देवाच्या बरोबरीचं स्थान कवटाळून न ठेवता दासाचं रूप घेतलं. ज्याच्याकडे सोडण्याजोगं काही आहे, त्याच्याच नम्रतेचा कस लागतो. विद्या, कूळ, दानत, यांपैकी काही ना काही आपल्यापाशीही असतंच. ताठा शोधायचा तो तिथेच.